मोजणारे आणि मोजले जाणारे : अणुवीजकेंद्राभोवतीच्या किरणोत्सर्ग-मोजणीविषयी

१

आमचे मामा १९८० च्या दशकात एका ठेकेदाराकडे कामाला होते. मोठ्या पाइपांचे सांधे वेल्डिंगने जोडले की आत पोकळी राहिली आहे का, हे किरणोत्सर्गी इरिडियमच्या साहाय्याने फोटो काढून पाहतात. फोटो काढणारा तंत्रज्ञ वेगळा, मामा त्याचे मदतनीस. केबल ओढायची, फिल्म पाइपाला चिकटवायची, दोरी बांधून इतर माणसांना लांब ठेवायचे, असे त्यांचे काम. कामावर छातीला एक प्लॅस्टिकचा बिल्ला लावावा लागे. दर तीन महिन्यांनी तो काढून घेत आणि दुसरा देत.

मी तेव्हा बी.एस्सी.ला होतो. एकदा मामांनी मला विचारले, "तू सायन्स शिकतोस ना रे? मग ह्या बिल्ल्यात काय दिसतं त्यांना?" मी पुस्तकातले सांगितले. बिल्ल्यात एका क्षाराच्या तीन छोट्या चकत्या असतात, किरणोत्सर्गाची ऊर्जा त्यांच्यात साठून राहते, प्रयोगशाळेत त्या तापवल्या की साठलेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते, जितका प्रकाश जास्त तितका किरणोत्सर्ग जास्त. मामांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "ते झालं. पण माझं किती निघालं?"

हे मला सांगता येण्यासारखे नव्हते. मामांनी सुपरवायझरला विचारून पाहिले होते. "सगळं नॉर्मल आहे," एवढेच उत्तर त्यांना मिळाले होते. मामा पुढे पिकल्या वयात गेले. किरणोत्सर्गाने त्यांचे काही बिघडले असे मी मुळीच म्हणत नाही. कदाचित सगळे खरोखरच नॉर्मल असेल. पण ज्याच्या छातीवरून मोजमाप घेतले, त्याला स्वतःचा आकडा वर्षानुवर्षे कळला नाही, एवढी गोष्ट मात्र खरी आहे. "नॉर्मल" हा आकडा नव्हे. तो दुसऱ्याने आपल्या वतीने काढलेला निष्कर्ष होय.

अणुवीजकेंद्राभोवतीच्या गावांची गोष्ट याहून फारशी वेगळी नाही. तेथेही बिल्ले असतात. ते माणसाच्या छातीवर नसून खांबांवर आणि इमारतींवर टांगलेले असतात. तेथील हवा, पाणी, मासे, दूध तपासले जाते. मोजमाप होते, पण त्यात मोजल्या जाणाऱ्या माणसाचे स्थान कोणते, हा प्रश्न उरतो. तो नीट विचारायचा तर मोजणीचे शास्त्र थोडे समजून घेतले पाहिजे. प्रस्तुत लेख त्यासाठी आहे. अणुवीज हवी की नको, या वादात मी येथे शिरणार नाही. ती असो वा नसो, केंद्र एकदा उभे राहिले की मोजणी कित्येक दशके करावीच लागते, आणि ती कशी व्हावी हा स्वतंत्र प्रश्न आहे.

२

मोजायचे काय? आपण सर्वजण जन्मापासून किरणोत्सर्गातच राहतो. आकाशातून तो येतो, खडकांतून येतो, घरातील रेडॉन वायूतून येतो. आपल्या स्वतःच्या शरीरातील पोटॅशियममुळे दर सेकंदाला सुमारे चार हजार अणू फुटत असतात. एका सेकंदाला एक अणू फुटला की त्याला एक बेकरेल म्हणतात. किरणोत्सर्गामुळे शरीराला होऊ शकणाऱ्या अपायाचे माप निराळे, ते सीव्हर्टमध्ये सांगतात. नैसर्गिक किरणोत्सर्गापासून माणसाला जगात सरासरी वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात. अणुकेंद्रामुळे सामान्य नागरिकाला यावर आणखी मिळू शकणाऱ्या किरणोत्सर्गाची मर्यादा वर्षाला १ मिलिसीव्हर्ट अशी ठरवलेली आहे.

म्हणजे मोजणाऱ्यापुढील अडचण अशी की त्याला पाऊस पडत असताना छपरातून गळणारे थेंब मोजायचे आहेत. निसर्गाचे किती आणि केंद्राचे किती, हे वेगळे करण्याचा उत्तम मार्ग एकच आहे. केंद्र सुरू होण्याआधी त्या जागेचे मोजमाप करून ठेवणे. शिवाय १९५० आणि ६० च्या दशकांत महासत्तांनी उघड्या हवेत जे अणुस्फोट केले, त्यांचे सीझियम आणि स्ट्राँशियम जगभरच्या मातीत आधीच मिसळलेले आहे. आधीची नोंद नसेल तर मातीत सापडलेले सीझियम कोणाचे, हे सांगणे अवघड होऊन बसते.

केंद्रातून द्रव्ये दोन वाटांनी बाहेर येतात. उंच चिमणीतून आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन हे वायू, थोडे आयोडीन आणि ट्रिटियम हवेत जाते. थंड करण्याच्या पाण्याबरोबर ट्रिटियम, सीझियम, स्ट्राँशियम, कोबाल्ट यांचे अंश समुद्रात किंवा नदीत जातात. यातील प्रत्येकाचा स्वभाव निराळा. आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मे होते, पण तेवढ्यात ते गवतावर पडून, गाई-शेळीच्या दुधात उतरून लहान मुलाच्या गळ्यातील थायरॉइड ग्रंथीत साचू शकते. सीझियम-१३७ निम्मे व्हायला तीस वर्षे लागतात, आणि शरीर त्याला पोटॅशियम समजून स्नायूंत घेते. स्ट्राँशियमला शरीर कॅल्शियम समजते आणि हाडात ठेवते. ट्रिटियम म्हणजे हायड्रोजनचेच भावंड, ते पाण्यातच पाणी होऊन राहते.

म्हणूनच हे सगळे दाखवील असे एक यंत्र नाही. खांबावरील गॅमा-मापक क्षणोक्षणीचा किरणोत्सर्ग सांगतो. टांगलेला बिल्ला तीन महिन्यांची बेरीज सांगतो. हवा ओढून घेणाऱ्या पंपाची गाळणी धुळीत काय आहे ते सांगते. मासे, दूध, भात, भाजी, गाळ यांचे नमुने प्रयोगशाळेत न्यावे लागतात. स्ट्राँशियमसाठी रासायनिक विलगीकरण करावे लागते, ट्रिटियमसाठी पाण्याची वेगळी चाचणी. हातात धरायचा गायगर काउंटर घेऊन किनाऱ्यावर फिरणाऱ्याला समुद्रातील ट्रिटियम मुळीच दिसणार नाही. तो काउंटर टिकटिकला नाही म्हणून "काही नाही" असे म्हणणे जितके चूक, तितकेच तो जरा जास्त टिकटिकला म्हणून घात झाला असे म्हणणेही चूक.

आपल्या महाराष्ट्रात तारापूरचे केंद्र १९६९ पासून वीज देऊ लागले. हे देशातील पहिले अणुवीजकेंद्र. तेथे पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा केंद्र सुरू होण्याच्या आधीच १९६० च्या दशकात स्थापन झाली, आणि पुढे देशातील प्रत्येक अणुवीजकेंद्राजवळ अशी प्रयोगशाळा असावी असा प्रघात पडला. या प्रयोगशाळा केंद्र चालवणाऱ्या महामंडळाच्या नसून भाभा अणुसंशोधन केंद्राच्या असतात. केंद्राभोवती सुमारे ३० किलोमीटरपर्यंतचे नमुने त्या घेतात, त्यांत समुद्राचे पाणी, गाळ, मासे, दूध, धान्य आणि बकऱ्याची थायरॉइड ग्रंथीसुद्धा असते. अधिकृत अहवालांत केंद्राबाहेरील लोकांना मिळणारा किरणोत्सर्ग मर्यादेच्या अल्प अंशाइतका दाखवलेला असतो. तेव्हा आपल्याकडे मोजमापच होत नाही, असे कोणी भाषणात म्हणत असेल तर ते खोटे आहे. कार्यकर्त्यांनी ते म्हणू नये. खरा प्रश्न पुढचा आहे.

३

एक उदाहरण घेतो. जून महिना, कोकणपट्टीत पहिला जोरदार पाऊस येतो. त्या वेळी कोणाच्या अंगणात गॅमा-मापक असेल तर त्याचा आकडा चढलेला दिसेल. हवेतील रेडॉनपासून तयार झालेली शिसे आणि बिस्मथ यांची किरणोत्सर्गी रूपे पाऊस धुऊन खाली आणतो. त्यांचे अर्धायुष्य वीस-पंचवीस मिनिटांचे, त्यामुळे पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत आकडा पुन्हा खाली येतो. यात अणुकेंद्राचा काही संबंध नाही. केंद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या गावातही हेच घडते.

आता समजा, एका गावातील शिक्षकाने हा चढलेला आकडा पाहिला. त्याच्याजवळ एकच यंत्र आहे, शेजारच्या गावाचा आकडा त्याला ठाऊक नाही, पावसाची नोंद नाही. तो घाबरेल, आणि त्याचा दोष नाही. तेच, वीस गावांत सारखी यंत्रे आहेत, सर्वांची नोंद एका वहीत येते, वहीत पाऊस आणि वारा लिहिलेला आहे, असे असेल तर पाच मिनिटांत कळेल की सर्व गावांत आकडा एकदम चढला आणि एकदम उतरला. उलट एखाद्या दिवशी पाऊस नसताना, केंद्रावरून वारा ज्या दिशेने जातो आहे त्याच दिशेच्या तीन गावांत आकडा चढला, तर तेही पाच मिनिटांत कळेल.

समन्वय म्हणतात तो हा. आपल्याकडे समन्वय म्हटले की चार खात्यांच्या अधिकाऱ्यांची बैठक आणि चहा डोळ्यांपुढे येतो. मोजणीतील समन्वयाला नेमका अर्थ आहे. आकड्याला पत्ता असला पाहिजे. कुठे, केव्हा, जमिनीपासून किती उंचीवर, कोणत्या यंत्राने, कोणी मोजला, हे त्याच्याबरोबर आले पाहिजे. सर्व यंत्रे एकाच प्रमाणित स्रोताशी पडताळून घेतलेली असली पाहिजेत, नाहीतर एकाचा शेर आणि दुसऱ्याचा पायली असा बाजार होतो. आणि निरनिराळ्या हातांनी घेतलेले आकडे एका ठिकाणी, सर्वांना दिसतील असे मांडले गेले पाहिजेत. यातील एक जरी अंग तुटले तरी काय होते, याचा मोठा धडा अमेरिकेत मिळाला.

४

पेनसिल्व्हेनिया राज्यात सस्क्वेहॅना नदीतील एका बेटावर थ्री माइल आयलंड नावाचे अणुवीजकेंद्र होते. २८ मार्च १९७९ रोजी पहाटे चारच्या सुमारास त्याच्या दुसऱ्या अणुभट्टीत बिघाड होऊन तिचा गाभा अंशतः वितळला. चिमणीवरील मापकांचे आकडे त्यांच्या पट्टीच्या बाहेर गेले, म्हणजे नेमके किती बाहेर पडते आहे हे ज्या यंत्राने सांगायचे तेच गप्प झाले. पुढे लोकांना किती किरणोत्सर्ग मिळाला याचा हिशोब करताना कंपनीने नेहमीच्या कामासाठी आसपास आधीच टांगून ठेवलेले थोडेसे बिल्ले मोलाचे ठरले.

तिसऱ्या दिवशी, ३० मार्चला सकाळी, एका हेलिकॉप्टरने चिमणीच्या तोंडापासून सुमारे १३० फूट वर मोजणी केली. आकडा आला ताशी १,२०० मिलिरेम, म्हणजे आजच्या मापाने १२ मिलिसीव्हर्ट. चिमणीच्या थेट वर, नुकताच वायू सोडलेला असताना, तो आकडा येणे समजण्यासारखे होते. जमिनीवर, केंद्राच्या कुंपणाबाहेर, किरणोत्सर्ग त्याच्या मानाने पुष्कळच कमी होता. पण हा आकडा राजधानीजवळच्या अणुनियामक आयोगाच्या मुख्य कार्यालयात पोहोचला तेव्हा त्याचा पत्ता वाटेत गळून पडला होता. योगायोग असा की त्याच सुमारास तेथील एका तज्ज्ञाने कागदावर गणित करून जमिनीवर १,२०० मिलिरेम असतील असा अंदाज काढला होता. दोन आकडे जुळले, आणि अधिकाऱ्यांना वाटले की अंदाज खरा ठरला. त्यांनी परिसर रिकामा करण्याची शिफारस राज्याला कळवली. राज्याच्या किरणोत्सर्ग-संरक्षण कार्यालयाचे मत उलट होते. परंतु गोंधळात फोन लागत नव्हते, आणि कोणाचा शब्द प्रमाण मानायचा हे ठरलेले नव्हते.

त्या दिवशी राज्यपाल डिक थॉर्नबर्ग यांनी आधी लोकांना घरात थांबायला सांगितले, आणि दुपारी पाच मैलांच्या आतील गरोदर स्त्रिया व शाळेत न जाणारी लहान मुले यांनी बाहेर पडावे असा सल्ला दिला. सल्ला थोड्या लोकांसाठी होता. बाहेर पडले सुमारे १,४०,००० लोक. त्यांना दोष कसा देणार? तीन दिवस त्यांनी कंपनीचा एक आकडा, राज्याचा दुसरा आणि केंद्र सरकारचा तिसरा ऐकला होता. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नेमलेल्या केमेनी आयोगाने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अहवाल दिला. लोकांना मिळालेला किरणोत्सर्ग अल्प असून आरोग्यावरील मुख्य परिणाम मानसिक ताणाचा होता, असा त्याचा निष्कर्ष होता. हा ताण लोकांच्या अडाणीपणामुळे आला, असा अर्थ मी काढत नाही. बिनपत्त्याच्या आकड्यांनी तो निर्माण केला.

पण मला अधिक महत्त्वाचे वाटते ते पुढच्या वर्षी घडले. बिघडलेल्या अणुभट्टीच्या इमारतीत क्रिप्टॉन-८५ हा वायू कोंडून राहिला होता. साफसफाईसाठी माणसे आत पाठवायची तर तो हळूहळू हवेत सोडणे भाग होते. आसपासचे लोक संतापले. कंपनी मोजेल आणि सरकार मोजेल, यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. तेव्हा केंद्रीय ऊर्जा खाते, पर्यावरण संरक्षण संस्था, राज्याचे पर्यावरण खाते आणि पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठ यांनी मिळून एक निराळा उपक्रम केला. पाच मैलांच्या आसपासच्या १२ वस्त्यांनी आपापल्यातील माणसे निवडून दिली, एकूण सुमारे पन्नास. त्यांत शिक्षक होते, गृहिणी होत्या, निवृत्त माणसे होती. विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी त्यांना किरणोत्सर्ग म्हणजे काय, यंत्र कसे चालवायचे, आकड्यातील चढउतार कसा वाचायचा हे शिकवले. यंत्रे त्यांच्या वस्तीत बसवली. १९८० च्या मे महिन्यापासून ही माणसे रोजची नोंद घेऊ लागली, आणि त्यांचे आकडे सरकारच्या आकड्यांबरोबर जाहीर होऊ लागले. जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत वायू सोडण्यात आला तेव्हा या गृहिणी आणि मास्तर यंत्रापाशी होते.

अविश्वास त्यामुळे संपला असे नव्हे. कंपनीच्या विरोधातील लोक विरोधातच राहिले, आणि तो त्यांचा हक्क होता. पण एक गोष्ट बदलली. "आम्हाला माहीत नाही" या जागी "आम्ही मोजले, एवढे आले" हे वाक्य आले. हे वाक्य म्हणू शकणारा माणूस विरोध करो वा संमती देवो, तो कोणाच्या तोंडाकडे पाहून बोलत नाही.

५

येथे कोणी म्हणेल की सामान्य माणसाने मोजून शास्त्रज्ञापेक्षा वेगळे काय कळणार? मोजणीत लोकांना घेणे ही केवळ समजूत घालण्याची युक्ती असती तर मी हा लेख लिहिला नसता. काही गोष्टी लोकांनाच ठाऊक असतात आणि त्या ठाऊक नसल्या तर शास्त्र चुकते.

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर विंडस्केल, म्हणजे आजचे सेलाफील्ड, हे अणुसंकुल आहे. त्याचे सांडपाणी नळाने आयरिश समुद्रात सोडले जाई. किती सोडायचे हे ठरवताना प्रश्न पडला की समुद्रातून हे द्रव्य माणसापर्यंत कोणत्या वाटेने परत येईल. मासे हे उत्तर कोणालाही सुचेल. पण त्या किनाऱ्यावर एक जांभळट समुद्रशेवाळ वाढते, ते गोळा करून दूर दक्षिण वेल्समध्ये पाठवत, आणि तेथील लोक ते शिजवून 'लेव्हरब्रेड' म्हणून खात. या शेवाळात रुथेनियम-१०६ साचे. म्हणजे ज्यांना सर्वांत जास्त धोका होता ते केंद्राच्या शेजारी राहतच नव्हते. हे खाद्य लक्षात घेऊनच पुढे सांडपाण्याची मर्यादा ठरवण्यात आली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या किनाऱ्यावरून शेवाळ जाणे बंद झाले, आणि मग हिशोब पुन्हा स्थानिक मासे व शिंपले खाणाऱ्यांवर आला.

या शास्त्राचा नियमच असा आहे की सरासरी माणसासाठी हिशोब करायचा नाही. ज्याच्या सवयींमुळे त्याला सर्वांत जास्त मिळू शकते, त्या गटासाठी करायचा. हा नियम चांगला आहे, कारण तो शेवटच्या माणसापासून मोजायला सुरुवात करतो. पण तो शेवटचा माणूस काय खातो हे कोण सांगणार? आपल्या किनाऱ्यावर पापलेट मुंबईला जातो, निर्यात होतो. घरात उरतो तो बोंबील, मांदेली, जवळा, खाडीतल्या शिंपल्या. पावसाळ्यात मासेमारी बंद असताना सुकवलेलेच खाल्ले जाते. मासा सुकवला की पाणी उडते आणि उरलेल्या सर्व गोष्टींचे किलोमागे प्रमाण वाढते. ओल्या पापलेटाचा एक नमुना तपासून कोळणीच्या ताटाचा हिशोब होणार नाही. गाळात पाय रोवून दिवसभर शिंपल्या वेचणाऱ्या बाईचा तर मुळीच नाही. नमुना कोठून घ्यायचा, हे तिला विचारणे म्हणजे तिच्यावर उपकार करणे नव्हे. मोजणी अचूक व्हायची असेल तर तिला विचारावेच लागेल.

६

मासेमारीवरून जपानची आठवण होते. ११ मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर फुकुशिमा दाइइची केंद्रात जे घडले ते सर्वांना ठाऊक आहे. मोजणीच्या बाजूने त्यातील दोन गोष्टी सांगतो.

पहिली अशी की त्या जिल्ह्यातील २४ स्थिर मापनकेंद्रांपैकी २३ निकामी झाली. काही लाटेने वाहून गेली, बाकीच्यांची वीज आणि संपर्क तुटला. ज्या दिवसासाठी ती बसवली होती त्याच दिवशी ती बंद पडली. वाऱ्याबरोबर किरणोत्सर्गी ढग कोठे जाईल याचे गणित करणारी 'स्पीडी' नावाची संगणकप्रणाली सरकारजवळ होती. तिचे निष्कर्ष गावांपर्यंत वेळेवर पोहोचले नाहीत. नामिए गावातील अनेक लोक केंद्रापासून लांब म्हणून वायव्येकडील त्सुशिमा भागात जाऊन राहिले, आणि नंतर कळले की ढग त्याच दिशेने गेला होता. अमेरिकेच्या विमानांनी केलेल्या मोजणीचे नकाशेही जपानी खात्यांच्या हाती आले होते, पण लोकांना हलवण्यासाठी ते वापरले गेले नाहीत. माहिती होती. ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली नाही, आणि गावात तर नाहीच.

दुसरी गोष्ट कोळ्यांची. अपघातानंतर फुकुशिमाच्या किनाऱ्यावरील मासेमारी थांबली. सरकारने एप्रिल २०१२ पासून अन्नासाठी किलोला १०० बेकरेल सीझियम ही मर्यादा ठेवली. जून २०१२ मध्ये मच्छीमार सहकारी संस्थांनी प्रायोगिक मासेमारी सुरू केली तेव्हा त्यांनी स्वतःसाठी त्याच्या निम्मी, ५० बेकरेलची मर्यादा घातली, आणि धक्क्यावरच मासे तपासू लागले. ही प्रायोगिक मासेमारी मार्च २०२१ पर्यंत चालली. यामागे भाबडेपणा नव्हता, पोटाचा विचार होता. ज्याचा मासा आहे त्याला दोन्ही बाजूंनी मार बसतो. किरणोत्सर्ग असेल तर तो खाणार तोच, आणि नसताना अफवा उठली तर बाजारात भाव पडतो तोही त्याचाच. स्वतःच्या हातातील खरा आकडा हेच त्याचे संरक्षण. आपल्याकडील मच्छीमार संघटनांनी या अनुभवाकडे लक्ष द्यावे असे मला वाटते.

७

सरकारी आकडे आणि लोकांचे आकडे एका वहीत कसे आणावयाचे, याचा एक नमुना फ्रान्समध्ये पाहायला मिळतो. तो एका फसवणुकीच्या भावनेतून जन्मला. १९८६ साली चेर्नोबिलचा ढग युरोपवर पसरला तेव्हा फ्रान्समधील अधिकाऱ्यांनी लोकांना काळजीचे कारण नाही असे सांगितले. शेजारच्या देशांत भाजी-दुधावर निर्बंध येत असताना हे आश्वासन लोकांना पटले नाही. त्याच वर्षी क्रिराड आणि आक्रो या लोकांच्या स्वतंत्र प्रयोगशाळा उभ्या राहिल्या.

पुढे त्या देशाने एक राष्ट्रीय जाळे उभारले. केंद्र चालवणाऱ्या कंपन्या, सरकारी संस्था आणि संघटनांच्या प्रयोगशाळा यांचे निकाल त्यात एकत्र येतात, आणि २०१० पासून ते लोकांसाठी खुले आहेत. अट अशी की प्रयोगशाळा कोणाचीही असो, तिने परीक्षा दिली पाहिजे. एकच नमुना सर्वांना पाठवायचा, प्रत्येकाने न बोलता मोजायचा, आणि उत्तर चुकले तर मान्यता नाही. आक्रोसारख्या संघटनेची प्रयोगशाळा ही परीक्षा देऊन उतरते. परीक्षा सरकारी प्रयोगशाळेलाही द्यावी लागते. मला यातील हा भाग फार मोलाचा वाटतो. पदवी, हुद्दा किंवा घराणे पाहून येथे कोणाचा आकडा खरा धरला जात नाही. नमुना सर्वांना सारखा असतो. शिवाय प्रत्येक केंद्राजवळ स्थानिक माहिती समिती असते. तिची सुरुवात १९८१ मध्ये झाली आणि २००६ च्या कायद्याने तिला कायदेशीर स्थान मिळाले. तीत निवडून आलेले प्रतिनिधी, कामगार संघटना आणि पर्यावरण संघटना बसतात.

फ्रान्सचे सर्व काही आदर्श आहे असे नव्हे. वाद तेथेही होतात. पण वादाचा विषय तेथे कागदावर असतो, दोन्ही बाजूंना दिसेल असा.

८

आता आपल्याकडे वळू. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याच्या अठराव्या कलमाने केंद्रांविषयीची माहिती रोखण्याचा अधिकार सरकारला दिला. १९८३ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. २०१२ साली नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी त्या मंडळाच्या कामाचे परीक्षण करून त्याला पुरेसे कायदेशीर स्वातंत्र्य नसल्याचे दाखवून दिले. भाभा केंद्र आणि वीजकेंद्र चालवणारे महामंडळ हे अणुऊर्जा खात्याच्याच छत्राखाली वाढले. प्रयोगशाळा केंद्राची नाही हे खरे, पण घर एकच. घरातल्या घरात केलेली मोजणी खोटी असते असे मी म्हणत नाही. ती खरी असली तरी बाहेरच्याला तसे ठरवता येत नाही, एवढेच म्हणतो. त्यात प्रामाणिक शास्त्रज्ञाचेही नुकसान आहे. वर्षानुवर्षे चिकाटीने केलेले त्याचे काम बाहेरून पारखले जात नाही, म्हणून ते लोकांच्या मनात उतरतही नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी काय मागावे? "किरणोत्सर्ग बंद करा" ही घोषणा सोपी आहे आणि निरर्थक आहे. मागणी नेमकी हवी. नमुना घेताना ग्रामपंचायतीचा आणि मच्छीमार संस्थेचा माणूस हजर असावा. नमुन्याचे तीन भाग करावेत, एक सर्वेक्षण प्रयोगशाळेला, एक एखाद्या विद्यापीठाला, आणि एक सील करून राखून ठेवलेला, म्हणजे पहिल्या दोहोंत फरक पडला तर तिसरा बोलेल. गावाच्या हद्दीतील प्रत्येक बिल्ल्याचा तिमाही आकडा, जागा आणि तारीख यांसह मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. तेथे "मर्यादेच्या आत" एवढेच लिहून भागणार नाही. यंत्र बंद पडले असेल तर तेही तसे लिहावे. आणीबाणीत वीज गेल्यावर यंत्र किती तास चालेल, आकडा प्रथम कोणाकडे जाईल, गावाला कोण सांगेल, हे आधी ठरलेले आणि गावाला माहीत असलेले असावे. आणि जैतापूरसारख्या ठिकाणी, जेथे केंद्र प्रस्तावित आहे पण उभे नाही, तेथे केंद्राआधीचे मोजमाप स्थानिक महाविद्यालयांना सोबत घेऊन व्हावे. ते काम केंद्र सुरू झाल्यावर कोणालाही, कितीही पैसा ओतून, करता येणार नाही.

विद्यार्थ्यांना एक सांगतो. यंत्र मिळेपर्यंत थांबू नका. वाऱ्याची दिशा, पाऊस, भरती-ओहोटी यांची रोजची नोंद, कोणत्या महिन्यात कोणत्या घरात कोणता मासा किती खाल्ला जातो याची पाहणी, ही कामे वही आणि पेन्सिल घेऊन करता येतात. किरणोत्सर्गाचा आकडा वाचताना हीच वही लागते. ती प्रयोगशाळेत नसते, गावातच तयार होऊ शकते. आकड्यांची भीती घालवणे हे तर शिक्षकाचेच काम आहे. बेकरेल आणि सीव्हर्ट हे शब्द आपल्या पोरांना पाठ असण्यापेक्षा त्यांनी "कुठे मोजला? कधी? कोणी?" हे तीन प्रश्न न घाबरता विचारणे मला अधिक मोलाचे वाटते.

मामांना हे प्रश्न सुचले होते. ते चौथी शिकलेले होते. "ते झालं, पण माझं किती निघालं?" या त्यांच्या वाक्यात या लेखातील सगळे आले आहे. मी त्यांना चकत्यांचे शास्त्र सांगत बसलो. वास्तविक तेव्हाच त्यांच्याबरोबर जाऊन ठेकेदाराच्या टेबलावरची वही मागायला हवी होती.